वडिलांच्या नावचं वावर वारसांच्या नावावर: कोणतं काम आधी, कोणतं नंतर

तेरवी झाली, पाहुणे परतले, की घरात प्रश्न निघतो: वावर आता कोणाच्या नावानं करायचं? इथेच घोडं पेंड खातं. थोरल्याच्या नावानं करू, बहिणींना काही नको, आईचं नाव कशाला उगीच, असं ओट्यावर ठरतं आणि तेच प्रतिज्ञापत्रात उतरतं. दहा वर्षांनी कर्ज काढताना, मोबदला वाटपात किंवा जमीन विकताना ते प्रतिज्ञापत्र बाहेर येतं आणि भावाबहिणी कोर्टाच्या पायऱ्या चढतात.

वारस नोंदीच्या वेळी "कोणाच्या नावानं" हे घरच्यांनी ठरवायचंच नसतं. कायद्यानं जेवढे वारस आहेत तेवढ्यांची नावं चढतात. कोणी हिस्सा सोडायचा, कोणाला नाल्याकडचा तुकडा द्यायचा, ही पुढची कामं. त्यांचे कागद वेगळे, कार्यालयंही वेगळी. क्रम असा ठेवा: आधी सगळी नावं चढू द्या, मग ज्याला सोडायचं त्यानं सोडावं, मग वाटणी, मग मोजणी.

## टप्पा १: जमीन किती आणि कुठे, याची यादी

सुरुवात सातबारापासून करू नका, ८-अ पासून करा. सातबारा एका गटाचा किंवा सर्व्हे नंबरचा असतो. ८-अ मध्ये त्या गावात त्या खातेदाराच्या नावावर असलेली सगळी जमीन एका जागी दिसते. पण ८-अ सुद्धा एकाच गावापुरता. वडिलांनी शेजारच्या मौजात दोन एकर घेऊन ठेवले असतील किंवा आजीच्या माहेराकडून काही आलं असेल, तर त्या गावाचा ८-अ वेगळा काढावा लागतो आणि तिथे अर्जही वेगळा करावा लागतो. गावातल्या जाणत्या माणसाला एकदा विचारून घ्या. आईला तर नक्कीच.

डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा महाभूमीच्या संकेतस्थळावर १५ रुपयांत मिळतो. हातात आल्यावर चार जागा वाचा.

खातेदाराचं नाव: ते वडिलांचंच आहे की अजून आजोबांचं? की थोरल्या काकांच्या नावापुढे "ए.कु.मॅ." म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर अशी अक्षरं आहेत? तसं असेल तर काका एकटे मालक नाहीत. ते सगळ्यांच्या वतीनं नोंदलेले आहेत. ही नोंद दुरुस्त करायला वेगळा अर्ज लागतो.

क्षेत्र: सातबारावरचं क्षेत्र आणि ८-अ वरचं क्षेत्र जुळतं का?

भोगवटादार वर्ग: वर्ग-१ असेल तर सहसा अडचण नाही. भूदानात मिळालेली, सिलिंगची (कमाल मर्यादेपेक्षा जास्त म्हणून काढून वाटलेली) किंवा सरकारनं वाटलेली जमीन बहुधा वर्ग-२ असते. तिच्यावर वारसांची नावं लागतात, पण विक्री वा इतर हस्तांतरणाला सक्षम अधिकाऱ्याची परवानगी लागते. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीकडे जाण्यावर जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ आणि ३६-अ ची बंधनं आहेत, ती वेगळीच.

इतर हक्क: सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा, कुळाची नोंद, विहीर, वाट. बोजा असला म्हणून वारस नोंद अडत नाही. "आधी कर्ज फेडा, मग नाव लावतो" असं कोणी म्हटलं तर ते लेखी मागा.

तपासा: सातबारावर "गणपत" आणि मृत्यूच्या दाखल्यावर "गणपतराव" असं तर नाही ना? आपल्याकडे "राव" कधी लागतो कधी गळतो, आणि फाईल महिनाभर त्याच एका अक्षरावर बसते. दोन्ही नावांची व्यक्ती एकच, असं वाक्य प्रतिज्ञापत्रात आधीच घाला.

## टप्पा २: वंशावळ, आणि त्यात कोण सुटतं

सर्वांत जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे थांबून काम करा.

हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ हिंदूंसोबत बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांनाही लागू आहे. पुरुष खातेदार मृत्युपत्र न करता वारला तर पहिल्या वर्गाचे वारस एकाच वेळी हक्कदार होतात: पत्नी, मुलगे, मुली आणि मृताची आई. आधीच वारलेल्या मुलाची पत्नी व मुलं आणि आधीच वारलेल्या मुलीची मुलंही त्यात येतात.

हटकून सुटणारी माणसं अशी.

आजी. मुलगा आईच्या आधी गेला तर आई त्याची वारस आहे. घरात ती कोपऱ्यात बसलेली असते आणि वंशावळीत तिचं नाव कोणी लिहीत नाही. समजा वडिलांची स्वतः घेतलेली पाच एकर जमीन आहे, मागे पत्नी, दोन मुलगे, एक मुलगी आणि त्यांची आई आहे. पाच वारस, प्रत्येकाला एक एकर. आजीचं नाव गाळलं तर आजीच्या पश्चात तिच्या बाकीच्या मुलामुलींचा, म्हणजे तुमच्या काका-आत्यांचा त्या एकरातला हक्कही गाळला जातो. आणि ते गप्प बसत नाहीत.

लग्न झालेल्या मुली. ९ सप्टेंबर २००५ पासून मुलगी जन्मानं सहदायक आहे, म्हणजे वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतकीच हक्कदार. वडील त्या तारखेला हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा प्रकरणात स्पष्ट केलं. "लग्नात दिलं ते दिलं" हा युक्तिवाद कायद्यात कुठेच बसत नाही.

वारलेल्या भावाची बायको. ती माहेरी निघून गेली तरी वारस आहे. एकदा हिस्सा मिळाल्यावर तिनं दुसरं लग्न केलं तरी तो परत जात नाही.

दुसऱ्या बायकोची मुलं. पहिली पत्नी हयात असताना घटस्फोटाशिवाय केलेलं दुसरं लग्न वैध नाही, त्यामुळे ती बाई पत्नी म्हणून वारस ठरत नाही. पण मुलांचा वडिलांच्या मालमत्तेत हक्क आहे. गावाला माहीत असलेली गोष्ट प्रतिज्ञापत्रात लपवण्यात शहाणपण नाही.

मुस्लिम कुटुंबांत हिस्से त्यांच्या व्यक्तिगत कायद्यानं ठरतात. अनुसूचित जमातींना १९५६ चा कायदा आपोआप लागू होत नाही. मेळघाटात, गडचिरोलीत, झाडीपट्टीत "आमच्यात पोरींना वावर नसते" असं सांगून मुलींची नावं गाळली जातात. मात्र जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एका गोंड कुटुंबाच्या दाव्यात स्त्रीच्या वारसांना समान हिस्सा दिला. रूढीचं नुसतं नाव घेऊन आता भागत नाही; ती रूढी आहे हे सिद्ध करावं लागतं.

सावध: सातबारावर आजोबांचं नाव असेल तर थेट नातवांची नावं चढवता येत नाहीत. आधी आजोबांचे वारस, मग त्यातल्या वडिलांचे वारस. म्हणून वंशावळीत प्रत्येक मृत व्यक्तीपुढे मृत्यूची तारीख लिहा. कोण आधी गेलं यावर वारस बदलतात.

## टप्पा ३: कागद

मृत्यूचा दाखला मृत्यू जिथे झाला तिथल्या नोंदणी कार्यालयाचा लागतो. नागपूरच्या किंवा सेवाग्रामच्या दवाखान्यात मृत्यू झाला असेल तर गावच्या ग्रामपंचायतीत दाखला शोधत बसू नका. सोबत सगळ्या गावांचे सातबारा व ८-अ, सर्व वारसांची आधार कार्डं, रेशनकार्डाची प्रत, वारसांचे पूर्ण पत्ते आणि वंशावळीसह प्रतिज्ञापत्र. काही ठिकाणी पोलीस पाटलाचा किंवा सरपंचाचा दाखलाही मागतात. आधीच घेऊन ठेवलेला बरा.

प्रतिज्ञापत्रासाठी पाचशेचा स्टॅम्प घ्यायची गरज नाही. सरकारी कार्यालयात दाखल करायच्या प्रतिज्ञापत्राला राज्यात मुद्रांक शुल्क माफ आहे. साध्या कागदावर चालतं. तहसीलबाहेरच्या टेबलावर हे कोणी आपणहून सांगत नाही.

मुलींची नावं आधारवर सासरच्या आडनावानं असतात. वंशावळीत दोन्ही लिहा: माहेरचं नाव, आणि पुढे "लग्नानंतर" म्हणून सासरचं. सातबारावर कोणतं नाव यावं तेही अर्जातच सांगा.

अज्ञान, म्हणजे १८ वर्षांखालचा वारस असेल तर त्याची जन्मतारीख आणि पालनकर्त्याचं नाव द्या. सातबारावर "अ.पा.क." म्हणजे अज्ञान पालनकर्ता अशी नोंद येते. मूल १८ वर्षांचं झाल्यावर ती आपोआप निघत नाही, अर्ज करावा लागतो.

मृत्युपत्र असेल तर ते याच वेळी पुढे करा. त्याची नोंदणी सक्तीची नाही, पण दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यातच. मृत्युपत्र आहे म्हणून वंशावळ देणं टळत नाही. बाकीच्या वारसांना नोटीस जातेच.

## टप्पा ४: अर्ज

सरकारनं तलाठ्याचं नाव २०२४ मध्ये ग्राम महसूल अधिकारी केलं. आपण अजून पटवारीच म्हणतो. अर्जावर मात्र नवं पदनाम लिहा.

जमीन महसूल संहितेच्या कलम १४९ प्रमाणे हक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांत कळवायचं असतं. उशीर झाला तरी नोंद नाकारता येत नाही, त्यामुळे वीस वर्षं राहिलेलं कामही आज करता येतं. बुलढाणा जिल्ह्यातून सुरू होऊन एप्रिल २०२५ पासून राज्यभर गेलेली जिवंत सातबारा मोहीम अशाच मृत खातेदारांसाठी होती. मोहीम नसली तरी नियम तेच आहेत.

अर्ज दोन रीतीनं देता येतो: साजाच्या, म्हणजे पटवाऱ्याच्या कार्यालयात हाती, किंवा ई-हक्क प्रणालीतून ऑनलाइन. कार्यालयात दिला तर पोच घ्या, तारखेची आणि सहीची. कलम १४९ मध्येच लेखी पोच देण्याची तरतूद आहे. ऑनलाइन दिला तर अर्ज क्रमांक जपा. पोच नसेल तर उद्या तुम्ही अर्जच दिला नव्हता.

अर्जाची नोंद आधी गाव नमुना ६-क मध्ये, म्हणजे वारस नोंदवहीत होते. मग गावात चौकशी होते. पोलीस पाटील, सरपंच, शेजारचे शेतकरी यांना विचारलं जातं. त्यानंतर मंडळ अधिकारी (आपल्या बोलण्यातले आर.आय.) वारस ठरवतात.

सावध: इथे अनेक जण काम झालं समजून घरी जातात. ६-क मधली नोंद म्हणजे सातबारावरची नोंद नव्हे. अजून फेरफार, म्हणजे हक्क बदलल्याची नोंद व्हायची आहे.

## टप्पा ५: फेरफार आणि नोटिशीचे पंधरा दिवस

वारस ठरल्यावर गाव नमुना ६ मध्ये फेरफार घेतला जातो, हितसंबंधितांना नोटीस निघते आणि हरकतीसाठी पंधरा दिवस मिळतात. नोटीस चावडीवर लागते. "आपली चावडी" या संकेतस्थळावरही दिसते.

हे पंधरा दिवस तुमचेही आहेत. फेरफाराचा मजकूर काढून ओळीनं वाचा. सगळे गट आले का? प्रत्येक वारसाचं नाव, वडिलांचं वा नवऱ्याचं नाव, आडनाव बरोबर आहे का? आईच्या नावात चूक आत्ता एका अर्जात सुटते. प्रमाणित झाल्यावर त्याच चुकीसाठी तहसीलदारांपर्यंत जावं लागतं. बहिणींपर्यंत नोटीस खरंच पोचली का तेही पहा. त्यांच्या नोटिशीवर भावानंच सही केली, हे पुढे नोंद रद्द होण्याचं कारण ठरतं.

हरकत आली तर प्रकरण नमुना ६-अ मध्ये, म्हणजे वादाच्या प्रकरणांच्या नोंदवहीत जातं आणि सुनावणी लागते. सुनावणीला हजर रहा, मूळ कागद न्या, म्हणणं लेखी द्या. बाकीच्या प्रकरणांत मंडळ अधिकारी फेरफार प्रमाणित करतात आणि सातबारावर नावं येतात.

प्रमाणित फेरफार मान्य नसेल तर उपविभागीय अधिकाऱ्यांकडे कलम २४७ खाली अपील, मुदत ६० दिवस. केवळ लिहिण्यातली चूक असेल तर कलम १५५ खाली तहसीलदारांकडे दुरुस्ती. लोक नेमकं उलटं करतात. बहिणीचं नावच गाळलं असताना दुरुस्तीचा अर्ज देतात आणि तो वर्षभर फिरून परत येतो. तोवर अपिलाची मुदत गेलेली असते.

## टप्पा ६: कोणाला हिस्सा सोडायचा असेल तर

आता सगळी नावं सातबारावर आहेत. बहिणीला खरोखरच हिस्सा नको असेल तर हक्कसोडपत्र करावं. ते दुय्यम निबंधकाकडे नोंदलेलंच हवं. नोंदणी कायदा, १९०८ चं कलम १७ त्याला लागू होतं. सही झाल्यापासून चार महिन्यांत दस्त नोंदणीला द्यावा लागतो.

नोटरीचा कागद, पाचशेच्या स्टॅम्पवरचं संमतिपत्र, पटवाऱ्यापुढचा जबाब: यातल्या कशानंही हिस्सा सुटत नाही.

हक्कसोड सहहिस्सेदाराच्या नावेच होतं. भाऊ हयात असताना वहिनीच्या किंवा भाच्याच्या नावे करायचं म्हणाल तर ते बक्षीसपत्र होईल, आणि त्याचं शुल्क वेगळं. वडिलोपार्जित जमिनीतला हिस्सा सख्ख्या भावाबहिणीच्या नावे मोबदला न घेता सोडला तर मुद्रांक ठराविक आणि थोडा असतो. पैसे घेऊन सोडत असाल तर दस्तात तसं लिहा. पैसे घ्यायचे आणि दस्तात "प्रेमापोटी" लिहायचं, यातून भांडणाचं बी पेरलं जातं.

अज्ञान मुलाचा हिस्सा आईच्या सहीनं सोडू नका. आधी न्यायालयाची परवानगी लागते. ती न घेता केलेला दस्त मूल सज्ञान झाल्यावर उलटवू शकतं.

माझं मत विचाराल तर राखीला आलेल्या बहिणीला तसंच गाडीत घालून निबंधक कार्यालयात नेणं हा प्रकार बंद व्हावा. तिला दस्ताचा मसुदा आठ दिवस आधी द्या, घरी वाचू द्या. वाचून सही केलेली बहीण पुढे कोर्टात जात नाही.

## टप्पा ७: वाटणी

नावं सामाईक आहेत तोवर कोणता तुकडा कोणाचा हे सातबारा सांगत नाही. वाटणीच्या मुख्य वाटा दोन. सगळे राजी असतील तर नोंदणीकृत वाटणीपत्र करा; शेतजमिनीच्या वाटणीपत्रावरचं नोंदणी शुल्क माफ करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळानं मे २०२५ मध्ये घेतला. किंवा संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे अर्ज करा. तहसीलदार सगळ्या सहधारकांना नोटीस काढतात, ऐकून घेतात, आदेश देतात. मात्र कोणी मालकीवरच वाद उभा केला तर तहसीलदार तो निकाली काढत नाहीत. दिवाणी न्यायालयात जावं लागतं.

अर्जाआधी एक हिशेब करा. तुकडेबंदी कायद्याखाली ऑगस्ट २०२३ पासून प्रमाणभूत क्षेत्र जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे आहे. दोन एकर कोरडवाहू म्हणजे ८० गुंठे. पाच वारसांत १६ गुंठे येतात. ही वाटणी होणार नाही. मग दोघांनी मिळून एक तुकडा घ्यावा, कोणी हिस्सा सोडावा, किंवा जमीन सामाईकच ठेवावी. आधी खुणा रोवून मग हा नियम कळणं फार महागात पडतं.

आता ज्यावरून विदर्भातल्या वाटण्या मोडतात ते. क्षेत्र समान असलं म्हणजे वाटणी समान झाली असं नाही. काळी कसदार जमीन एकाकडे आणि बरडी दुसऱ्याकडे गेली तर तो कागद टिकत नाही. वाटणीच्या मजकुरात या गोष्टी नावानिशी लिहा:

वाट. मागच्या तुकड्याला बैलगाडी, ट्रॅक्टर कुठून जाईल, किती फूट रुंद, कोणत्या धुऱ्यानं म्हणजे बांधानं, हे सारं. पांधणीला, म्हणजे शेतरस्त्याला लागून असलेला भाऊ आज हसत वाट देतो. त्याचा मुलगा देईलच असं नाही.

विहीर. ती कोणाच्या तुकड्यात, बाकीच्यांचा हिस्सा किती, पाण्याची पाळी कशी, गाळ काढायचा खर्च कोणाचा, पाइपलाइन कोणाच्या वावरातून जाणार.

कृषिपंपाची वीजजोडणी. मीटर वडिलांच्या नावावर आणि थकबाकी कोणाच्या डोक्यावर?

झाडं. धुऱ्यावरचा सागवान, मोह, आंबा. दिसायला किरकोळ गोष्ट, पण सागवानाची किंमत कळली की सख्खे भाऊ बोलायचे थांबतात.

कर्ज. बोजा सगळ्या गटांवर असेल तर कोणी किती फेडायचं ते लिहा, आणि बँकेला आधी कळवा.

तपासा: वाटणीच्या मजकुरातल्या चतुःसीमा प्रत्यक्ष वावरात उभं राहून वाचा. पूर्व-पश्चिम उलटी लिहिलेले दस्त वाटतात तेवढे दुर्मीळ नाहीत.

## टप्पा ८: मोजणी

मोजणीचा अर्ज भूमी अभिलेख कार्यालयाकडे. कुटुंबातल्या पोटहिस्सा मोजणीचं शुल्क २०२५ मध्ये प्रति पोटहिस्सा २०० रुपये करण्यात आलं. लगतच्या खातेदारांना नोटीस गेली पाहिजे. शेजाऱ्याविना झालेली मोजणी शेजारी मानत नाही.

वेळ उन्हाळ्याची धरा. पऱ्हाटी उपटून झाली, तूर-हरभरा निघाला की वावर मोकळं असतं, निशाण्या दिसतात. जूनमध्ये पेरणीच्या तोंडावर अर्ज दिला तर काळ्या जमिनीत यंत्र घेऊन कोणी उतरत नाही. मोजणीच्या दिवशी सगळे हिस्सेदार हजर हवेत. हद्दीच्या खुणांना पक्के दगड त्याच दिवशी रोवा. मग नव्या नकाशाची प्रत घ्या, पोटहिस्स्याचे वेगळे सातबारे आले का ते पहा आणि सगळ्यांचं क्षेत्र बेरजेत मूळ क्षेत्राशी जुळतं का तेही पहा.

## टप्पा ९: सातबारानंतरची खाती

सातबारा बदलला म्हणून बाकीचं काही आपोआप बदलत नाही. शेतकरी ओळख क्रमांक, पीएम किसान, पीक विमा, सोसायटीतला भाग, बँकेचं पीककर्ज खातं, कृषिपंपाची जोडणी, या प्रत्येकाला नवा सातबारा आणि फेरफाराची प्रत वेगळी द्यावी लागते. मृताच्या खात्यात येत राहिलेला पीएम किसानचा हप्ता काढू नका. तो वसूल होतो.

घर सातबारावर नसतं. गावठाणातल्या घरासाठी ग्रामपंचायतीकडे नमुना ८ वर वारसांची नावं लावण्याचा अर्ज द्या. नमुना ८ हा कर आकारणीचा कागद आहे, मालकीचा पुरावा म्हणून त्यावर विसंबू नका. स्वामित्व योजनेत गावाची मोजणी होऊन मिळकत पत्रिका आली असेल तर भूमी अभिलेख कार्यालयात तिच्यावरही वारस नोंद करून घ्या. तिथे वंशावळ पुन्हा मागतात. शेतासाठी दिली होती तीच द्या, एकही नाव कमी-जास्त न करता.

सातबारावरची नोंद खरी आहे असं कायदा उलट सिद्ध होईपर्यंत धरून चालतो, हे कलम १५७ सांगतं. "उलट सिद्ध होईपर्यंत" एवढ्या शब्दांवर वकिलांचा धंदा चालतो. म्हणून अर्जाची पोच, प्रतिज्ञापत्र, फेरफाराची प्रमाणित प्रत, हक्कसोडपत्र आणि मोजणीचा नकाशा यांचा एक संच प्रत्येक हिस्सेदाराकडे असू द्या, सासरी असलेल्या बहिणींकडेही.